साडेचार वर्षांच्या मुलीला 'तुला डायबिटीस आहे' हे कसं सांगायचं

आमच्या चिऊला (हे घरातलं नाव, शाळेतलं वेगळं आहे) साडेचार वर्षांची असताना टाइप वन डायबिटीस निघाला. त्याआधी दोन-तीन आठवडे ती रात्री चार-चारदा शूला उठत होती, कधीच सुटलेली गादी ओली करायची सवय परत सुरू झाली होती, पाण्याची बाटली हातातून सुटत नव्हती, आणि आम्ही आपलं मे महिना आहे, तहान लागणारच, असं म्हणत बसलो. सासूबाई एकदा म्हणाल्यासुद्धा, अगं बाथरूममध्ये मुंग्या फार झाल्यात. मी फिनेल टाकलं. मग एके दिवशी उलट्या, जोरजोरात श्वास, तोंडाला कुजक्या फळासारखा वास, आणि थेट आयसीयू.

डिस्चार्जच्या आधी इन्सुलिनचं पेन कसं धरायचं, शुगर मोजायचं मीटर कसं वापरायचं, डोस कधी द्यायचा, हे सगळं आम्हाला नीट शिकवलं. पण पलंगावर बसून हे सगळं बघणाऱ्या त्या साडेचार वर्षांच्या बाईला काय सांगायचं हे कोणी सांगितलं नाही, ते आम्ही चुकत चुकत शिकलो. आज ती आठ वर्षांची आहे. आमच्याकडे जे चाललं आणि जे साफ फसलं ते इथे क्रमाने लिहिते. डोस, आकडे, औषधं तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या, मी फक्त सांगायचं कसं एवढंच लिहितेय.

१. आधी आपलं डोकं साफ करा

मुलाला सांगायच्या आधी आईबाबांच्या मनात काय आहे ते महत्त्वाचं, कारण मुलं शब्दांपेक्षा तोंडाकडे जास्त बघतात. टाइप वनमध्ये शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच चुकून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. गोड खाल्ल्याने होत नाही, लाडाने होत नाही, गरोदरपणात तुम्ही आंबे खाल्ले म्हणून तर अजिबात होत नाही. आजी-आजोबांना असतो तो बहुतेक वेळा टाइप टू, त्यात गोळ्या चालतात, इथे इन्सुलिनशिवाय पर्याय नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर, कुठल्यातरी वैद्याचा काढा, यातल्या कशासाठीही इन्सुलिन बंद केलं तर मूल काही दिवसांत, कधी एक-दोन दिवसांतच परत आयसीयूत जातं.

अजून एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी बऱ्याच मुलांचा डोस एकदम कमी होतो, याला डॉक्टर हनिमून पिरियड म्हणतात. उरल्यासुरल्या पेशी थोडे दिवस काम करतात, बाकी काही नाही. आमच्याकडे तेव्हा एका आत्याने चिऊसमोरच जाहीर केलं की बघा, बरी झाली पोर. चार महिन्यांनी डोस वाढला तेव्हा चिऊने मला विचारलं, 'मी परत काय केलं?' तो प्रश्न आजही आठवला की पोटात कालवतं.

२. 'शुगर' या शब्दाचा घोळ

आपल्याकडे सगळे सर्रास म्हणतात 'तिला शुगर झालीय'. चार-पाच वर्षांच्या मुलीला यातून काय कळतं माहितीये? की माझ्या पोटात साखर झालीय, म्हणजे मी साखर खाल्ली म्हणून झालीय. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच घरातल्या सगळ्यांचे शब्द ठरवून टाका. आम्ही आजाराला 'डायबिटीस' म्हणतो, पूर्ण शब्द, मुलं डायनॉसोरची नावं पाठ करतात, हा तर पाच अक्षरांचा आहे. मीटरवर दिसतं ते 'रीडिंग'. आणि 'बिचारी' हा शब्द घरात बंद, फोनवरसुद्धा, कारण मुलं पलीकडच्या खोलीतून सगळं ऐकतात.

३. एक गोष्ट तयार करा आणि तीच वापरत राहा

पुस्तकांत बहुतेक ठिकाणी इन्सुलिन म्हणजे चावी असं सांगतात. आम्ही करून बघितलं, चिऊला ते पटलं नाही, कारण तिच्या मते चावी हरवली की बाबा शोधतात आणि सापडते. मग आम्ही तिच्या रोजच्या बघण्यातलं काहीतरी घेतलं, सोसायटीचे वॉचमनकाका.

गोष्ट साधारण अशी. तुझं शरीर म्हणजे एक भलीमोठी सोसायटी, खूप बिल्डिंगा, प्रत्येक बिल्डिंगमध्ये भूक लागलेली माणसं. तू पोळी खाल्लीस, भात खाल्लास की पोटात त्याची साखर होते, त्या साखरेच्या छोट्या छोट्या गोण्या टेम्पोत बसून रक्ताच्या रस्त्याने निघतात. पण बिल्डिंगचं गेट बंद असतं. ते कोण उघडतं? वॉचमनकाका. त्यांचं नाव इन्सुलिन. तुझ्या सोसायटीत आता वॉचमनकाकाच नाहीत, म्हणून टेम्पो रस्त्यातच अडकले, ट्रॅफिक जॅम, आणि घरातली माणसं उपाशी, म्हणून तू दमायचीस. जास्तीच्या गोण्या शरीराने शूमधून बाहेर टाकल्या, म्हणून तू सारखी शू करायचीस, आणि मुंग्यांची पार्टी झाली.

मुंग्यांवर ती इतकी हसली की ती आठवड्यातली पहिली हसण्याची वेळ होती. मग प्रश्न सुरू.

'काका कुठे गेले?'

'आपल्या शरीरात सैनिक असतात, सर्दी-खोकल्याच्या जंतूंशी मारामारी करतात. त्यांना वाटलं वॉचमन म्हणजे चोर. त्यांनी काकांची खोलीच पाडून टाकली.'

'मग सॉरी म्हणाले का?'

'नाही, त्यांना अजून कळलंच नाहीये की चूक झाली.'

'मग दुसरे काका आणा ना.'

आणि इथेच सगळी गोष्ट आपोआप जागेवर बसते. दुसरे काका पेनमधून येतात. पण ते बाहेरचे, ड्युटी संपली की घरी जातात, म्हणून परत परत बोलवायला लागतं. एक काका चोवीस तासांच्या ड्युटीवाले (रात्रीचं लाँग ॲक्टिंग), आणि बाकीचे जेवणाच्या वेळी गर्दी होते म्हणून येणारे. काका फ्रिजमध्ये लोण्याच्या शेजारी का बसतात? तर त्यांना गरम सहन होत नाही, पण फ्रीजरमध्ये ठेवलं तर गारठून कामातून जातात, म्हणून २ ते ८ डिग्रीत खालच्या कप्प्यात. हे तिला इतकं लक्षात राहिलं की पाहुण्यांनी फ्रिज उघडा ठेवला की ओरडायची.

तुमच्याकडे वॉचमन नसतील तर एसटीचा कंडक्टर घ्या, शेतात पाणी सोडणारा पाटकरी घ्या, मुलाच्या रोजच्या बघण्यातलं काहीही. फक्त गोष्ट अशी निवडा की 'रोज का?' आणि 'कमी झालं तर काय?' या दोन्हीची उत्तरं तिच्यातूनच निघतील. आणि पाच मिनिटांच्या वर सांगू नका. एका बैठकीत सगळं सांगायचा मोह होतो, मी पहिल्या दिवशी स्वादुपिंडाचं चित्र काढलं होतं, ती मध्येच उठून कार्टून बघायला गेली.

४. मूल विचारत नाही पण मनात असतात ते प्रश्न

या वयाच्या मुलांना वाटतं की जगात जे होतं ते आपल्यामुळे होतं. आजार म्हणजे शिक्षा, हे त्यांच्या डोक्यात फार सहज बसतं. म्हणून तिने विचारायची वाट न बघता मी स्वतःच सांगितलं: 'हे तू काही केलंस म्हणून झालेलं नाही. तू चॉकलेट खाल्लंस म्हणून नाही, दादाला मारलंस म्हणून नाही, औषध थुंकलंस म्हणून पण नाही.' ते शेवटचं मी अंदाजाने घातलं होतं आणि तिचा चेहरा एकदम बदलला. म्हणजे तेच होतं मनात. तुमच्या मुलाची अलीकडची 'पापं' आठवून त्यांची नावं घेऊन सांगा, नुसतं 'तुझी चूक नाही' हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

दुसरा प्रश्न, कधी जाणार? इथे खोटं बोलायची सगळ्यात जास्त इच्छा होते. 'मोठी झालीस की जाईल' असं म्हणू नका, ती ते लक्षात ठेवेल आणि सातव्या वाढदिवसाला विचारेल की झाले ना मी मोठी. आम्ही सांगतो, 'आत्ता तरी जात नाही. काका रोज बोलवायचे, की तू सगळं करू शकतेस. खूप डॉक्टर त्यावर शोध लावतायत.'

तिसरा, मी मरणार का? चिऊने हा वॉर्डमध्येच विचारला, शेजारच्या बेडवरचं काहीतरी ऐकून. उत्तर लहान आणि सरळ ठेवा. 'तू खूप आजारी पडली होतीस कारण आम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, औषध आहे, आणि आम्ही आहोत.' आणि हे सांगताना रडू आलं तरी चालतं. मी रडले होते. तिने मला पाणी आणून दिलं.

५. सुई

'दुखणार नाही हं' हे वाक्य कायमचं सोडा. दुखतं. थोडं, पण दुखतं. एकदा खोटं पकडलं गेलं की पुढचं प्रत्येक इंजेक्शन म्हणजे पकडापकडी. आम्ही म्हणायचो, 'मुंगी चावते तसं होईल, मग दहा अंक, मग संपलं.' पेनचं बटण पूर्ण दाबल्यावर सुई दहा सेकंद आत ठेवायला सांगतात, तर ते दहा अंक चिऊने मोजायचे, तिने दहा म्हटल्याशिवाय मी सुई काढत नाही. यामुळे तिच्या हातात काहीतरी असतं.

निवड द्या, पण खोटी निवड देऊ नका. 'इंजेक्शन घ्यायचं का?' हा प्रश्नच नाही, त्याला ती नाही म्हणणार आणि तुम्ही तरी देणार. 'आज पोट की मांडी? मी देऊ की बाबा देतील?' हे विचारा. जागा रोज बदलावी लागते, एकाच ठिकाणी टोचत राहिलं की तिथे गाठ होते आणि इन्सुलिन नीट शोषलं जात नाही, म्हणून आम्ही एका कागदावर बाहुलीचं चित्र काढलं आणि जिथे दिलं तिथे टिकली लावायची. माझ्या टिकल्यांची दोन पाकिटं संपली.

सुई बघून पळापळ, रडारड झालीच तर घट्ट जवळ घ्या, पटकन द्या, अर्धा तास मनधरणी करू नका. वाट बघण्यात भीती वाढते, हे मी स्वतः तिला पाऊण तास समजावत बसले त्या संध्याकाळी शिकले, आमटी पण करपली.

आणि घरातल्या, शेजारच्या सगळ्यांना हात जोडून सांगा: 'जेवली नाहीस तर सुई टोचेन', 'डॉक्टरकाकांना बोलवू का?' ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची धमकी आता बंद. जी गोष्ट जगण्यासाठी दिवसातून चारदा लागते तिला शिक्षा बनवायचं नाही.

६. बोट टोचणं आणि आकडे

बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचायचं, तिथे कमी दुखतं. आणि आधी हात धुवायचे, नुसते पुसायचे नाहीत. याचं कारण आमच्याकडे एकदा असं कळलं. पहिल्याच सीझनला, रविवारी दुपारी, रीडिंग आलं ३८६. माझे हातपाय गार. डोस वाढवायचा का, फोन करायचा का, आणि चिऊ शांतपणे बोट चोखत उभी. मग मला वास आला, हापूसचा. दादाला आमरस गाळताना मदत करून आली होती. साबणाने हात धुवून दुसऱ्या बोटावर घेतलं तर १४२. रस बोटावरच होता, रक्तात नाही. तेव्हापासून ती स्वतःच म्हणते, 'थांब, आंबा धुवून येते', पेरू खाल्लेला असला तरी.

आकड्यांना 'चांगला' 'वाईट' म्हणू नका. आम्ही 'वर', 'खाली', 'जागेवर' म्हणतो. कारण आकडा वाईट असला तर मुलाला वाटतं मी वाईट. एकदा दिवाळीत मी ३१२ बघून 'अगं काय खाल्लंस तू!' असं ओरडले, आणि त्यानंतर दोन दिवसांनी सोफ्याच्या उशीमागे अर्धा बेसनलाडू सापडला, रुमालात गुंडाळून ठेवलेला. तिचं काही चुकलं नव्हतं, मी तिला लपवायला शिकवलं होतं. आता तिला माहीत आहे की खाल्लं की सांगायचं, काका बोलवू, विषय संपला.

७. हायपो, यात मात्र कसूर नको

शुगर ७० च्या खाली गेली तर त्याला हायपो म्हणतात, आणि हे एकच प्रकरण असं आहे की जे मुलाला स्वतःला ओळखता यायलाच हवं. आमच्या गोष्टीत, काका जरा जास्त आले, सगळी गेटं उघडी, सगळ्या गोण्या आत गेल्या, रस्ता रिकामा. आणि डोक्याची बिल्डिंग सगळ्यात हावरट, तिला सारखी गोणी लागते.

मोठ्यांची लक्षणं मुलाला घोकायला लावू नका. घाम, थरथर, भूक, चिडचिड, पांढरा चेहरा हे तुम्ही लक्षात ठेवा. मुलाला काय वाटतं ते हायपो झालेला असतानाच, गोड दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी विचारा, आणि त्याचाच शब्द पक्का करा. चिऊचा शब्द होता 'डोकं झोपलंय'. तो शब्द आम्ही टीचरना, रिक्षाकाकांना, आजीला, सगळ्यांना लिहून दिला. 'डोकं झोपलंय' म्हटलं की पाच मिनिटं थांब, तास संपू दे, असं काही नाही, लगेच ग्लुकोज.

मोठ्या माणसाला १५ ग्रॅम ग्लुकोज देतात, लहान मुलाला वजनाप्रमाणे कमी लागतं, तुमच्या डॉक्टरांकडून ग्रॅम आणि चमचे दोन्ही लिहून घ्या. मग १५ मिनिटांनी परत तपासायचं. अशा वेळी चॉकलेट किंवा लाडू नको, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर सावकाश चढते. आणि मूल बेशुद्ध असेल, आकडी आली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, ग्लुकागॉन (शुगर पटकन वर आणणारं औषध) घरात असेल तर द्यायचं आणि हॉस्पिटल गाठायचं. हे वाक्य आमच्या फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलेलं आहे.

एक आगाऊ सूचना. मुलं हुशार असतात, ग्लुकोज गोड असतं, एक-दोनदा 'डोकं झोपलंय' खोटंच येईल. रागवू नका, मीटर लावा. खोट्याला रागावलात तर खऱ्याला सांगणार नाही.

८. सणवार आणि खाणं

'तुला गोड चालत नाही' हे चुकीचं पण आहे आणि क्रूर पण. चालतं, मोजून, इन्सुलिन धरून. आणि गूळ, मध, खजूर म्हणजे साखर नव्हे हा गैरसमज आजीपासून प्रसादवाल्या काकूंपर्यंत सगळ्यांचा काढावा लागतो. उलट भात, पोहे, साबुदाण्याची खिचडी यांच्याही गोण्या होतात, उपासाच्या दिवशी आमचं रीडिंग दिवाळीपेक्षा वर असतं. चिऊला मी सांगितलं, गोड-तिखट असा प्रश्न नाही, टेम्पो किती निघणार एवढं बघायचं. एक उकडीचा मोदक म्हणजे किती टेम्पो हे आम्ही आहारतज्ज्ञांबरोबर बसून काढलं आणि आता तो आकडा तिला पाढ्यासारखा पाठ आहे. संक्रांतीला तिळगूळ हातात घेते, घरी आणते, जेवणाबरोबर खाते.

९. दादा

भावंडाला सगळे विसरतात. आमचा मोठा तेव्हा नऊ वर्षांचा, तो तिच्या ग्लासातलं पाणी प्यायचा बंद झाला आणि आम्हाला महिनाभर कळलं नाही. त्याला वाटत होतं चिकटतं. बसवून सांगितलं की चिकटत नाही, भावंडांना शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असते पण बहुतेकांना होत नाही. खोटं सांगितलं नाही. मग त्याच्या बाबांनी वसीम अक्रमची गोष्ट सांगितली, १९९७ मध्ये त्याला डायबिटीस निघाला आणि त्यानंतर तो २००३ पर्यंत पाकिस्तानकडून बोलिंग टाकत होता. त्या दिवसापासून चिऊला गल्लीत घेतात, पण फक्त फिल्डिंगला.

१०. शाळा

टीचरना एका पानाचं पत्र द्या, जास्त नको, वाचत नाहीत. त्यात हायपोचा शब्द, काय द्यायचं, कुठे ठेवलंय, कोणाला फोन. एक डबा दप्तरात, एक टीचरच्या कपाटात: ग्लुकोज पावडर, ज्यूसचं छोटं पॅक, नंतर खायला पार्ले-जीचा पुडा. वर्गातल्या मुलांना मी स्वतः जाऊन वॉचमनची गोष्ट सांगितली, दहा मिनिटं, प्रश्न आले 'रक्त येतं का', 'सुई दाखवा', 'मला पण पाहिजे', बस. सीबीएसईने २०१७ पासून टाइप वनच्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली आहे, शाळा वर्गात खायला नाही म्हणाली तर हे दाखवायला बरं पडतं.

११. मोठी होतेय तसं

सहाव्या वर्षी तिने स्वतः बोट टोचलं. सातव्या वर्षी पेनवर आकडा फिरवायला लागली, मी बघून मगच. डोस ठरवणं अजून आमच्याकडे, आणि ते बरीच वर्षं राहणार, मूल हुशार आहे म्हणून जबाबदारी ढकलू नका.

गोष्ट पण मोठी करावी लागते. आता वॉचमन पुरत नाहीत, तिला खरं हवं असतं. म्हणून एका रात्री टोरांटोची गोष्ट सांगितली. जानेवारी १९२२, लिओनार्ड थॉम्पसन नावाचा १४ वर्षांचा मुलगा, वजन तीस किलोच्या आत, तेव्हा औषधच नव्हतं, मुलांना जवळजवळ उपाशी ठेवायचे. ११ तारखेला त्याला पहिलं इन्सुलिन दिलं, ते नीट शुद्ध झालेलं नव्हतं, त्याला रिॲक्शन आली. मग ते अजून शुद्ध केलं, २३ तारखेला परत दिलं, आणि शुगर उतरली. ते शोधणाऱ्या बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून जागतिक मधुमेह दिन त्याच दिवशी, आणि आपला बालदिन पण त्याच दिवशी. चिऊच्या मते हे मुद्दाम केलंय.

ज्या प्रश्नाचं उत्तर येत नाही त्याला 'मला माहीत नाही, विचारू' म्हणायचं आणि वहीत लिहायचं. वही फ्रिजवर असते, डॉक्टरांकडे जाताना ती चिऊच घेऊन जाते आणि स्वतः वाचते. पुढची अपॉइंटमेंट पंधरा दिवसांनी आहे, सध्या वहीत तीन प्रश्न आहेत. सेन्सर (अंगावर लावायचा, सतत शुगर बघणारा) लावून विहिरीत पोहता येतं का. सैनिकांना कोणी सांगत का नाही. आणि गणपतीला एकवीस मोदक लागतात तर त्याला इन्सुलिनचे किती युनिट.